लष्करप्रमुखाची जन्मतारीख

10 मे 1950 की 10 मे 1951? 2012 च्या जानेवारीत देशाचे लष्करप्रमुख हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभे होते. जनरल विजयकुमार सिंह यांच्या जन्मवर्षाची नोंद लष्कराच्याच दोन शाखांमध्ये दोन प्रकारची होती. मिलिटरी सेक्रेटरीच्या शाखेत 1950, अ‍ॅडज्युटंट जनरलच्या शाखेत 1951. सरकारने 1950 धरलं. पदावर बसलेला लष्करप्रमुख आपल्याच सरकारला कोर्टात खेचतो हे देशाने पहिल्यांदा पाहिलं. न्यायालयाचा रोख लक्षात आल्यावर 10 फेब्रुवारीला त्यांनी अर्ज मागे घेतला आणि 31 मेला ते निवृत्त झाले. तेव्हा वर्तमानपत्रांतून, चहाच्या टपऱ्यांवरून चिकार थट्टा झाली. 'एवढा मोठा माणूस आणि वयावरून भांडतोय!'

थट्टा सोपी होती. त्या एका वर्षावर काय काय लटकत होतं, ते मात्र फार थोड्यांनी पाहिलं. जन्मवर्ष 1950 धरलं तर पुढचे लष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग. 1951 धरलं तर सिंहांची मुदत 2013 पर्यंत लांबते, तोवर बिक्रम सिंग साठीचे होऊन घरी जातात आणि माळ दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडते. त्या दुसऱ्या कुणाच्या जागी तेव्हा ज्यांचं नाव घेतलं जात होतं, ते होते उत्तर विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल कैवल्य परनाईक. म्हणजे अकरा-बारा लाखांच्या फौजेचं नेतृत्व कुणी करायचं, हे ठरलं एका माणसाच्या साठ वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदीवरून. पुढच्या प्रमुखाच्या बुद्धीचा, धैर्याचा, अनुभवाचा प्रश्न कुठे आलाच नाही.

आपल्या देशात लष्करप्रमुख 'ज्येष्ठतेने' होतो, अशी आपली समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. ज्येष्ठता डावलली की आरडाओरडा होतो, पाळली की सगळे निश्चिंत. या निश्चिंतीबद्दलच मला बोलायचं आहे. ज्येष्ठतेमुळे निवड टळते, हे खरं नाही. निवड होतेच. फक्त ती आधी, आत आणि कुणाच्या नजरेत न येता होते.

ती कशी होते, हे आधी पाहू. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. लष्करप्रमुखाला बासष्ट वर्षं वय किंवा तीन वर्षांची मुदत, यातलं जे आधी येईल ते लागू. तेव्हा प्रमुखपदाची खुर्ची ज्या दिवशी रिकामी होते, त्या दिवशी तुम्ही साठीच्या आत असायला हवं आणि तुमच्या वर कुणी उरलेलं नसावं. आता खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलगा साडेसोळाव्या वर्षीही दाखल होतो आणि एकोणिसाव्या वर्षीही. एकाच कोर्सची, एकाच स्क्वाड्रनमध्ये राहिलेली, एकाच दिवशी खांद्यावर तारे लावलेली दोन मुलं. पण एकाच्या हातात दुसऱ्यापेक्षा अडीच वर्षांची नोकरी जास्त. बारावीत असतानाच पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झालेला मुलगा चाळीसेक वर्षांनंतरच्या शर्यतीत तिथेच पुढे गेलेला असतो. शिवाय एकाच कोर्समधली आपसातली ज्येष्ठता ठरते ती प्रशिक्षण संपतानाच्या गुणक्रमावरून. एकविसाव्या वर्षी कवायतीत, धावण्यात, वर्गात मिळालेले चार गुण आयुष्यभर पाठीशी राहतात किंवा पाठ सोडत नाहीत.

हे झालं नशिबाचं. त्यापुढची चाळण माणसांच्या हातात असते. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती काळाने मिळते; तेरा वर्षं भरली की तो हुद्दा आला. तिथून पुढे मात्र बोर्ड, म्हणजे वरिष्ठांची निवड समिती. कर्नल व्हायला तीन नंबरचा बोर्ड, ब्रिगेडियरला दोन नंबरचा, मेजर जनरलला एक नंबरचा आणि लेफ्टनंट जनरलला स्पेशल बोर्ड. प्रत्येक पायरीवर जागा कमी होत जातात. एका बोर्डात बसला नाही की तो अधिकारी फौजेच्या भाषेत 'पास्ड ओव्हर'. त्याची नोकरी जात नाही, पण त्याच्या मेसमधल्या खुर्चीची जागा बदलते, असं एका निवृत्त अधिकाऱ्याने मला सांगितलं होतं. बोर्डापुढे माणूस नसतो, फाइल असते. फाइलीत एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. त्यात नऊपैकी गुण. नऊ म्हणजे असामान्य, आठ म्हणजे सरासरीपेक्षा वर. वाचायला आठ चांगला वाटतो. पण सगळेच वरिष्ठ हात सैल सोडून नऊ देत असतील, तर ज्या साहेबाने प्रामाणिकपणे आठ दिला त्याने समोरच्याची कारकीर्द संपवली असं समजायचं. अशा व्यवस्थेत कोण टिकतं? ज्याने कधीच कुणाला दुखावलं नाही तो. मेजर असताना ब्रिगेडियरला 'साहेब, हा हल्ला दिवसा करणं चूक आहे' असं तोंडावर सांगणारा टिकेलच असं नाही. काही टिकतात, आणि ते फौजेचं भाग्य.

आता जन्मतारीख, गुणक्रम, बोर्ड हे सगळं एकत्र मांडा. मेजर जनरलच्या पातळीवर आलेल्या तीस-चाळीस जणांची यादी, त्यांच्या निवृत्तीच्या तारखा आणि एक पेन्सिल एवढ्यावर पुढचे तीन लष्करप्रमुख कोण, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. फौजेत लोक तो बांधतातही. मग ज्याला आपला माणूस दहा वर्षांनी वर बसवायचा आहे, त्याने मंत्रालयात कशाला जावं? एका बोर्डात एका प्रतिस्पर्ध्याची फाइल पडली की रांग बदलते. कुणाला कोअरची कमान कधी मिळाली, कुणाला आर्मी कमांडर, म्हणजे एका विभागाचा प्रमुख, होण्यापुरती नोकरी शिल्लक राहिली, यावर रांग बदलते. त्या वेळी त्याची बातमी होत नाही, कारण एका ब्रिगेडियरची बढती हुकली यात बातमी कसली? दहा वर्षांनी 'सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्याची निवड' असा मथळा येतो आणि आपण म्हणतो, वा, परंपरा पाळली.

ज्येष्ठता नियमाचा खरा तोटा दाखवायचा तर लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांकडे जावं लागतं. कोल्हापूरजवळच्या वडगावचे. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ इथे जपान्यांशी जी लढाई झाली, तिच्यात एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. पुढे कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे थोरात प्रमुख होते. 1957 पासून 1961 पर्यंत पूर्व विभाग त्यांच्याकडे होता. तिबेटची सीमा, आजचा अरुणाचल, सगळं त्यांच्या अखत्यारीत. 1959 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी दिल्लीला एक टिपण पाठवलं: चीन आला तर कुठून येईल, आपल्याकडे काय आहे, काय नाही, आणि थेट सीमेवर विखरून न बसता मागे कोणत्या रेषेवर उभं राहावं. मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाच्या सरावात हेच त्यांनी सगळ्यांसमोर मांडून दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटलं नाही.

1961 मध्ये थिमय्या लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले. त्यांची शिफारस थोरातांसाठी होती. सरकारने प्राणनाथ थापर यांना नेमलं. आणि नेमताना सांगायला कारण तयार होतं: थापर ज्येष्ठ आहेत. ते होतेही. नियम मोडला नाही, कुणाला डावललं नाही, कागदावर बोट ठेवायला जागा नाही. गैरसोयीचं बोलणारा माणूस बाजूला करण्यासाठी ज्येष्ठतेइतकं निर्मळ हत्यार दुसरं नाही. आणि हेच सरकार त्याच काळात लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांना, ज्यांनी लढाईत कधी पलटणही चालवली नव्हती, चीफ ऑफ जनरल स्टाफ करत होतं आणि ऑक्टोबर 1962 मध्ये चीनसमोरच्या कोअरची कमान देत होतं. बढत्यांतला हा हस्तक्षेप हेही एक कारण होतं, ज्यामुळे 31 ऑगस्ट 1959 रोजी थिमय्यांनी राजीनामा दिला होता आणि नेहरूंच्या आग्रहाने मागे घेतला होता. 1962 च्या नोव्हेंबरात थापर यांनी पद सोडलं. थोरात प्रमुख असते तर आपण जिंकलो असतो, असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. बूट आणि बंदुका नसलेल्या फौजेला एक जनरल जिंकून देत नाही. पण सीमेवर विखुरलेली ठाणी घ्यायची की मागे घट्ट उभं राहायचं, या प्रश्नावर ठाम मत असलेला आणि ते लेखी देणारा माणूस त्या खुर्चीत बसला असता, एवढं नक्की म्हणता येतं.

त्यामुळे 'ज्येष्ठता सोडा, गुणवत्ता बघा' असं म्हणून मोकळं व्हावं, तर गोष्ट तिथेही संपत नाही. 1983 मध्ये उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा हे ज्येष्ठ होते. सरकारने त्यांना मागे टाकून पूर्व विभागाचे प्रमुख अरुणकुमार वैद्य यांना लष्करप्रमुख केलं. सिन्हांनी राजीनामा दिला. वैद्यांच्या योग्यतेबद्दल शंका घ्यायला कुणाचीच हिंमत नव्हती. 1965 मध्ये डेक्कन हॉर्स ही रणगाडा रेजिमेंट घेऊन पाकिस्तानी रणगाड्यांशी लढताना महावीर चक्र, 1971 मध्ये बसंतरच्या भागात चिलखती ब्रिगेड नेताना दुसऱ्यांदा महावीर चक्र. पण सिन्हा का नाहीत? सरकारने कधीच सांगितलं नाही. त्यांचे जयप्रकाश नारायण यांच्याशी जवळचे संबंध होते, ते तोंडफटकळ होते, असे नाना तर्क चालले, आजही चालतात.

त्याच्या आधीचं एक प्रकरण आणखी मजेशीर, म्हणजे दुःखद. 1973 मध्ये माणेकशांनंतर गोपाळ बेवूर आले, ज्यांना आपण मराठी माणसं हक्काने आपले म्हणतो. त्यांच्यानंतर प्रेमिंद्रसिंग भगत येतील असं सगळे धरून चालले होते. भगत म्हणजे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, लष्कराच्या अभियंता दलातले, दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी. 1941 मध्ये इथिओपियात सलग चार दिवस सुरुंग काढत पलटणीला वाट मोकळी करून देणारे. आणि 1962 च्या पराभवाची चौकशी करून सरकारने आजवर अधिकृतपणे उघड न केलेला तो अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकी एक. बेवूर यांना मुदतवाढ मिळाली, तेवढ्यात भगत निवृत्त झाले. इथेही कुणाला डावललं नाही. फक्त घड्याळ थोडं पुढे ढकललं. मुदतवाढ ही निवडीची सगळ्यात गुळगुळीत पद्धत, कारण तिच्यात नको असलेल्या माणसाचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. 2024 च्या मे महिन्यात जनरल मनोज पांडे यांना निवृत्तीच्या तोंडावर एक महिना वाढवून दिला, तेव्हा फौजेतल्या लोकांना लगेच भगत आठवले ते त्यामुळेच. पुढे ज्येष्ठतेनेच उपेंद्र द्विवेदी आले. पण त्या दिवसांत कारकिर्दीच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसांच्या घरी काय वातावरण असेल!

मराठी माणसाची एक गंमत मला नेहमी वाटते. लष्करप्रमुख मराठी झाला की दुसऱ्या दिवशी त्याची शाळा, त्याचं आजोळ, लहानपणीचा पत्ता सगळं छापून येतं. वैद्य, नरवणे, पांडे, प्रत्येक वेळी. थोरातांवर अन्याय झाला म्हणून आपण हळहळतो, बेवूर यांच्या मुदतवाढीबद्दल गप्प बसतो आणि वैद्यांच्या वेळी ज्येष्ठता डावलली हे विसरतो. प्रश्न माणसाचा नाहीच, पद्धतीचा आहे, आणि ही पद्धत आपल्याला कधी फळली, कधी भोवली.

डिसेंबर 2016 मध्ये लेफ्टनंट जनरल प्रवीण बक्षी आणि पुण्यात दक्षिण विभागाचे प्रमुख असलेले पी. एम. हारिझ या दोघांना मागे ठेवून बिपिन रावत यांची निवड झाली. या वेळी कारण बाहेर आलं: सीमेवरचा आणि दहशतवादविरोधी लढाईचा अनुभव. कारण ऐकायला रास्त होतं. पण ते 'सूत्रांनी' सांगितलं. मग जे व्हायचं तेच झालं. बक्षी रणगाडा दलाचे, हारिझ यंत्रसज्ज पायदळाचे; मग काय, डोंगरात नोकरी न केलेल्या माणसाने यापुढे प्रमुख व्हायचंच नाही का? उद्या वाळवंटात युद्ध झालं तर? कुणी धर्म काढला, कुणी राज्य काढलं. ज्या सरकारकडे सांगण्यासारखं कारण होतं, त्यानेही ते छातीठोकपणे सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार.

ज्येष्ठतेच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट नेहमी सांगतात आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शेजारी बघा, म्हणतात. झुल्फिकार अली भुट्टो यांनी 1976 मध्ये अनेकांना ओलांडून झिया उल हक यांना वर आणलं, कारण ते नम्र आणि निरुपद्रवी वाटले. दीड वर्षाच्या आत झियांनी सत्ता घेतली आणि 1979 मध्ये भुट्टो फासावर गेले. 1998 मध्ये नवाझ शरीफ यांनी ज्येष्ठांना बाजूला सारून मुशर्रफ यांना निवडलं. 12 ऑक्टोबर 1999 रोजी शरीफांचीच गच्छंती झाली. यातून ज्येष्ठतावादी निष्कर्ष काढतात की राजकारण्यांच्या हाती निवड देऊ नका. मला त्यातून वेगळं दिसतं. भुट्टोंनी आणि शरीफांनी गुणवत्ता पाहिलीच नव्हती. त्यांनी वाकणारी मान शोधली. निवडीचा निकष कुणापुढे मांडावा लागला असता तर 'हा माझं ऐकेल' हे कारण कागदावर लिहिता आलं नसतं. गुपचूप निवडलेल्या माणसाचे पाय कुणाकडे वळतील, हे निवडणाऱ्यालाही कळत नाही.

तरीही ज्येष्ठतेचा धाक आहे तो बरा, असं कुणी म्हणालं तर मी समजू शकतो. दगडापेक्षा वीट मऊ. नियम नसला तर प्रत्येक लेफ्टनंट जनरल खासदारांच्या घरच्या लग्नाला हजेरी लावेल, वशिल्याची तट्टं पुढे सरकतील, ही भीती काल्पनिक नाही. 2022 च्या जूनमध्ये संरक्षण दल प्रमुखपदासाठी, म्हणजे सीडीएससाठी, नियम बदलून बासष्टच्या आतल्या निवृत्त लेफ्टनंट जनरलनाही पात्र केलं, तेव्हा मला नेमकी हीच भीती वाटली. पर्याय वाढले, छान. पण निवृत्त होऊन घरी बसलेला जनरल दूरचित्रवाणीवर काय बोलतो, काय गिळतो, याकडे आता वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

माझं म्हणणं असं की लष्करप्रमुखाची मुदत वयापासून तोडावी. ज्या दिवशी खुर्चीत बसला, तिथून पूर्ण तीन वर्षं. वाढ नाही, कपात नाही, महिनाभराचीही नाही. मग कुणाचा वाढदिवस आधी, कुणाचा नंतर, हा हिशेब शेवटच्या पायरीपुरता तरी निरर्थक होतो आणि मुदतवाढीचं गुळगुळीत हत्यारही बोथट होतं. निवड सात आर्मी कमांडर आणि उपप्रमुख यांच्यातून, ज्येष्ठता हा त्यातला एक मुद्दा, पण एकच. आणि निवड झाली की पंतप्रधानांच्या समितीने एक पान लिहून द्यावं: याला का, आणि याच्याहून ज्येष्ठ असलेल्याला का नाही. ते पान वर्तमानपत्रात छापायची गरज नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर बंद दाराआड ठेवलं तरी पुरे. तिथे विरोधकही बसलेले असतात. लिहून द्यायचं आहे म्हटलं की निम्मी कारणं आपोआप गळून पडतात.

याने मागे पडलेल्या अधिकाऱ्याची बेअब्रू होईल, असा आक्षेप मला अनेकदा ऐकवला गेला. उलट आहे. आज होते ती बेअब्रू. बक्षी आणि हारिझ यांनी नाराजी गिळून आपली नोकरी पुरी केली, पण त्यांच्याबद्दल काय काय बोललं गेलं त्याला उत्तर द्यायला त्यांच्या हातात एक ओळ नव्हती. राजकारण शिरेल, हाही आक्षेप. ते शिरलेलंच आहे. थोरातांच्या वेळी ते ज्येष्ठतेचा सदरा घालून आलं होतं. सगळ्यात अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. शेवटची पायरी उजेडात आणली तरी खालच्या बोर्डांचं काय? तिथल्या नऊ आणि आठ गुणांचं काय? कर्नलच्या जागांमध्ये पायदळ-तोफखान्याला जास्त वाटा देण्याचं धोरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, महिला अधिकाऱ्यांना कमान मिळण्याचा प्रश्न 2020 मध्ये तिथेच सुटला. म्हणजे फौजेतल्या बढतीचं प्रत्येक दार आता कोर्टाच्या कडीने वाजतंय. एवढे दावे होणं हेच सांगतं की आतल्या माणसांचाही गोपनीय फाइलीवरचा विश्वास उडत चालला आहे. पण सगळी दारं एकदम उघडता येत नाहीत, आणि सर्वांत वरचं दार उघडलं की खालच्या बोर्डांत बसलेल्यांनाही आपल्या सहीचा विचार थोडा जास्त करावा लागेल, असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

कारण न देता केलेल्या निवडीचा भुर्दंड फक्त हरलेल्याला बसत नाही. दोन महावीर चक्रं मिळवलेल्या वैद्यांचं नाव आजही निघालं की समोरचा माणूस हमखास विचारतो, 'पण सिन्हांना का डावललं हो?' 1983 मध्ये कुणी एक पान लिहून ठेवलं असतं, तर तो प्रश्न वैद्यांना उद्देशून राहिला नसता.